जुनी जीप, नवा कार्ब्युरेटर

तुमच्या गोठ्याशेजारच्या छपरात ताडपत्रीखाली एखादी जुनी पेट्रोल जीप उभी असेल, ती सकाळी सुरू होताना खोकत असेल, चढाला झटके देत असेल आणि टाकीतले पेट्रोल पाहता पाहता संपवत असेल, तर चार ओळी वाचाच. अशा गाडीवरून घरोघरी वाद होतो. नातू म्हणतो, "आजोबा, भंगारवाला किलोवर मागतोय, देऊन टाकू." आजोबा म्हणतात, "अरे, हिच्यातून तुझ्या बापाची वरात आली. हिला किलोवर घालतोस?" दोघांचेही खोटे नसते. पण वाद मिटवण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघावे. पुष्कळदा इंजिन धडधाकट असते. बिघडलेला असतो तो फक्त कार्ब्युरेटर आणि त्याला पायाशी जोडणाऱ्या दांड्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. कार्ब्युरेटर खराब असला तर पैसे जातात. अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्या खराब असल्या तर माणूस जातो. म्हणून या लेखात दांड्यांना अधिक जागा दिली आहे. गॅरेजमध्ये मात्र बहुधा उलटे घडते. कार्ब्युरेटरवर दोन तास खर्च होतात आणि दांडी बांधायच्या तारेने आवळून गाडी परत येते.

जीप आपल्याकडे आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. आपल्या गावांत जी उंच बॉनेटची जीप जास्त दिसते तिचे मूळ नाव सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ साली निघाली आणि १९६८ पर्यंत तयार होत होती. आपल्याकडे त्या घाटाची गाडी त्यानंतरही कितीतरी वर्षे बनत राहिली. बॉनेट उंच का, याचे कारण मोठे साधे आहे. आधीच्या इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच होते. नव्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. इंजिनाची उंची वाढली, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट उचलले. चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी, भपका काही नाही. पुढे डिझेल स्वस्त म्हणून कित्येक जीपच्या पोटात डिझेल इंजिन बसले. तुमच्या गाडीत अजून मूळचे पेट्रोल इंजिन असेल तर ते जपून ठेवा. तसे आता फार उरलेले नाहीत.

आधी दोषी कोण ते ठरवा

गाडी झटके देते म्हटले की मेकॅनिक आधी कार्ब्युरेटर खोलतो. तुम्ही त्याला थांबवा. कार्ब्युरेटरची म्हणून जी लक्षणे सांगतात त्यांतली निम्मी प्लग-पॉइंटचीही असतात. पॉइंटमधली फट अर्धा मिलिमीटर आणि प्लगची पाऊण मिलिमीटर आहे का, हे पट्टी घालून बघा. टाकीच्या तळाशी गंज साचला आहे का, पेट्रोल पंप नीट ओढतो का, पाइपला कुठे चीर आहे का, तेही पाहा. हे सगळे ठीक असूनही गाडी ‘स्लो’वर स्थिर राहत नसेल, तर मग कार्ब्युरेटरकडे वळा.

त्याची एक सोपी परीक्षा आहे. कार्ब्युरेटरच्या खालच्या भागात एक गोल झडप असते, तिला थ्रॉटल म्हणतात. ती ज्या आडव्या सळईवर फिरते तो स्पिंडल. वर्षानुवर्षे फिरून स्पिंडलची भोके लांबट होतात आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. इंजिन स्लोवर चालू ठेवून स्पिंडलच्या दोन्ही टोकांना जाड इंजिन ऑइलचे दोन-दोन थेंब सोडा. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला किंवा स्थिर झाला, तर तिथून हवा ओढली जात होती हे नक्की. काही जण हीच परीक्षा पेट्रोल शिंपडून करतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडणे म्हणजे गंजीशेजारी काडी ओढणे. ते मुळीच करू नका. भोके लांबट झाली असतील तर कितीही धुवा, साफ करा, तो कार्ब्युरेटर ताळ्यावर येत नाही. खराद करणाऱ्या चांगल्या कारागिराकडून बुश मारून घ्या, नाहीतर बदला.

कोणता घ्यावा

सीजे-३बी मूळची कार्टर बनावटीच्या कार्ब्युरेटरवर चालत असे. आपल्याकडे त्याच्या जागी सोलेक्स पद्धतीचा पुष्कळ ठिकाणी बसवलेला दिसतो. दोन्ही चांगले. सोलेक्स समजायला सोपा आणि त्याचे जेट नंबरवारी मिळतात. त्या नंबरचा अर्थही सरळ आहे: १२५ नंबरचा जेट म्हणजे सव्वा मिलिमीटरचे भोक.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा भाग आणि कुर्ला, इथे जुन्या गाड्यांचे सामान शोधायला लोक जातात. जाताना जुना कार्ब्युरेटर पिशवीत घालून न्या. दुकानदार "जीपचाच आहे, डोळे झाकून न्या" म्हणेल. डोळे उघडे ठेवा. खालच्या पट्टीच्या दोन भोकांमधले अंतर, मधल्या तोंडाची रुंदी आणि वर एअर क्लीनर बसतो त्या गळ्याचा व्यास, ही तीन मापे जुळली पाहिजेत. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. थ्रॉटलचा लिव्हर, म्हणजे ज्याला दांडी अडकते ती पट्टी, कोणत्या बाजूला आहे, कोणत्या दिशेने ओढल्यावर उघडते आणि किती लांब आहे, हे बघा. लिव्हर आखूड असला तर पाय जरा ठेवताच गाडी उसळते. लांब असला तर पाय तळाला टेकला तरी झडप पुरती उघडत नाही आणि गाडी चढाला मरते. मग लोक म्हणतात, नवा कार्ब्युरेटरच भिकार निघाला. कार्टर काढून सोलेक्स घालणार असाल तर दांड्यांचा आणि लिव्हरचा जोडही त्याच दुकानातून मागून घ्या.

काढताना

इंजिन पूर्ण थंड हवे. गाडी उघड्यावर घ्या. चूल, बंब, वेल्डिंग जवळ नको. बिडी-काडी पेटवणाऱ्या पाहुण्याला चहा प्यायला घरात पाठवा. वाळूची एक बादली शेजारी असू द्या, पाण्याची नको, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत जळते. बॅटरीची तार सोडा. पेट्रोल तोंडाने ओढायची खोड असेल तर ती इथेच सोडा. फुप्फुसात गेलेले पेट्रोल दवाखान्यात पोचेपर्यंत वाट पाहत नाही.

काही सोडवण्यापूर्वी नातवाला मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढायला सांगा. पूर्वी आम्ही खडूने खुणा करत असू, त्याहून हे बरे. प्रत्येक दांडीची लांबी एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत मोजून कागदावर लिहा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती तेही टिपा.

कार्ब्युरेटर निघाला की खाली मॅनिफोल्डचे तोंड उघडे पडते. त्यात लगेच स्वच्छ फडके कोंबा. वायसर, नट, काडी असे काही आत पडले तर पुढची ओळख थेट पिस्टनशी. ते फडके मोठे आणि रंगीत घ्या, म्हणजे बसवताना ते काढायचे राहणार नाही.

बसवताना

जुने पॅकिंग ब्लेडने खरवडून दोन्ही तोंडे लख्ख करा. नव्या कार्ब्युरेटरच्या तळावर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघा. मध्ये फट दिसली तर तळ वाकलेला आहे, तो परत करा. पॅकिंग नवेच घाला. मूळ गाडीत मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा असेल तर तो फेकू नका. आपल्या वैशाखातल्या उन्हात हा ठोकळा नसला की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळते आणि बाजारात उभी केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

नट दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. कार्ब्युरेटर ओतीव मऊ धातूचा असतो. एकच बाजू ताकदीने ओढली तर त्याचा कान तुटतो, आणि कान तुटलेला कार्ब्युरेटर नवा असून भंगार. पेट्रोल पाइपचा नट आधी बोटांनी तीन-चार वेढे बसला पाहिजे, मग पाना. आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळू नका. तिचा तुकडा सुटून आतल्या नीडलखाली अडकतो आणि पेट्रोल वाहू लागते.

ही नीडल म्हणजे तुमच्या जनावरांच्या हौदाचा बॉल व्हॉल्व्हच. पेट्रोल भरले की फ्लोट वर येतो आणि नीडल वाट बंद करते. इंजिनावरचा मूळ पंप हलक्या दाबाचा असतो, म्हणून नीडल तो दाब पेलते. कुणी हौसेने इलेक्ट्रिक पंप बसवला असेल आणि त्याचा दाब जास्त असेल, तर नीडल हरते आणि पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडते. पेटलेल्या जुन्या गाड्यांत हे कारण हमखास सापडते.

तुमचाच ऊस, तुमच्याच टाकीत

पूर्वीच्या पुस्तकांत न सापडणारी अडचण आता आली आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. २० टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला. त्यातला काही वाटा आपल्या साखर कारखान्यांचा, म्हणजे उसाचे दोन पैसे त्यातून सुटतात. चांगलेच आहे. पण १९६० सालच्या जीपला हे कुणी विचारले नव्हते.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, मऊ करते. जुन्या पाइपचा आतला थर सुटून त्याचे काळे कण जेटमध्ये बसतात. पंपातला पडदा आणि कार्टरमधला पडदा, दोन्हींची तीच गत. म्हणून कार्ब्युरेटर बदलताना सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्या आणि पंपाला नवा पडदा घाला. टाकीत चिकटलेला वर्षानुवर्षांचा राळेसारखा मळही इथेनॉल सोडवते. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यात फिल्टर दोनदा तरी बदलावा लागेल. त्यासाठी फिल्टर पारदर्शक, डोळ्यांना दिसणारा असा बसवा.

दुसरे असे की, लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश उष्णता कमी असते आणि त्याला जळायला हवाही कमी लागते. जुन्या जेटवर त्यामुळे मिश्रण पातळ पडते. इंजिन जास्त तापते, ओझ्याला खोकते. मेन जेट एक नंबर मोठा घातला की पुष्कळदा हे थांबते. तिसरे म्हणजे पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि ओल फार झाली की पाण्यासकट तळाला बसते. पावसाळाभर जीप उभी राहणार असेल तर तिच्यात अर्धी टाकी पेट्रोल ठेवू नका. काढून मोटारसायकलला वापरा.

दांड्या

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पायाखालच्या पॅडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत दांड्यांची साखळी असते. मध्ये खुंटीवर फिरणारा काटकोनी तुकडा असतो, त्याला मेकॅनिक बेल क्रँक म्हणतात. तो पॅडलच्या हालचालीची दिशा बदलतो. त्याचा बुश झिजला की पाय दिला तरी आधी नुसती ढिलाई भरून निघते, मग एकदम थ्रॉटल उघडते. नवा कार्ब्युरेटर आणि झिजलेला बेल क्रँक ही जोडी म्हणजे नवा नांगर आणि मोडके जू. तिथे बुश आणि बॉल जॉइंट नवेच घाला.

जोडून झाल्यावर एअर क्लीनर काढलेला असतानाच तपासणी करा. इंजिन बंद. घरातल्या कुणालाही, लेकीला, सुनेला, पॅडलवर बसवा आणि तुम्ही वरून कार्ब्युरेटरच्या नळीत बघा. पाय तळाला टेकला की झडप बरोबर उभी झाली पाहिजे. पाय काढला की लिव्हर स्लोच्या स्क्रूवर टक्कन येऊन बसला पाहिजे, सावकाश सरकत नव्हे. पॅडल तळाला टेकल्यावरही दांडीला किंचित ढिलाई उरू द्या, नाहीतर जोरात दाबलेला पाय लिव्हर वाकवतो.

यानंतर बघायचे ते लिव्हर ‘पलटी’ खातो का. नव्या लिव्हरला जुनी दांडी चुकीच्या कोनात अडकवली, तर पूर्ण उघडताना लिव्हर आणि दांडी एका रेषेत येतात आणि त्या रेषेपलीकडे जातात. मग स्प्रिंग थ्रॉटल बंद करण्याऐवजी उघडीच धरून ठेवते. छपरात उभ्या गाडीत हे कळत नाही. कळते ते बांधावरच्या चढाला पाय पुरता दिल्यावर, आणि तेव्हा मागे भाजीच्या पाट्या आणि पोरे बसलेली असतात. म्हणून पॅडल दहा वेळा तळाला लावून सोडा. एकदाही अडकले तर दांडीची लांबी किंवा कोन बदलल्याशिवाय चावी फिरवू नका.

इंजिनाखालचे रबरी माउंटिंगही बघा. ते बसलेले असले तर ओझ्याला इंजिन एका अंगाला झुकते, दांडी आपोआप ओढली जाते, पुन्हा सुटते, आणि गाडी बेडकासारखी उड्या मारते. यात दोष कार्ब्युरेटरचा नसतो.

परत आणणाऱ्या स्प्रिंगा दोन हव्यात. एक कार्ब्युरेटरच्या लिव्हरला, एक पॅडलकडे. एक तुटली तरी दुसरीने एकटीने थ्रॉटल बंद केले पाहिजे. एक स्प्रिंग काढून तपासा, मग दुसरी काढून. प्रत्येक खिळीला स्प्लिट पिन घाला. खिळा, बांधायची तार, सुतळी यांना इथे थारा नाही. काही जण दांड्यांची कटकट नको म्हणून मोटारसायकलची वायर बसवतात. चांगली, सरळ गेलेली, गरम मॅनिफोल्डपासून लांब ठेवलेली वायर चालते. पण तिचा एक तार आत तुटला की तो वेटोळ्यात अडकतो आणि थ्रॉटल आहे तिथेच राहते. माझे मत विचाराल तर जीपला दांड्याच बऱ्या. त्यांचा बिघाड डोळ्यांना दिसतो.

हँड अ‍ॅक्सिलरेटर असेल तर तो पूर्ण आत ढकलल्यावर कार्ब्युरेटरकडे ढिला पडतो का ते पाहा. आणि पॅडलखाली पोते अंथरू नका. गोणपाटाची घडी पॅडलवर चढलेली कितीतरी गाड्यांत दिसते.

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट आधी पाठ करवा. अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर चावी बंद, पाय ब्रेकवर. या जुन्या जीपना स्टिअरिंगचे कुलूप नसते आणि ब्रेक इंजिनाच्या मदतीवर चालत नाहीत. त्यामुळे चावी बंद केली तरी गाडी वळते आणि थांबते. आधी क्लच दाबू नका, इंजिन मोकळे सुटून फुटेल. वेग मंदावला की क्लच. ही कसरत मोकळ्या माळावर दोन-तीनदा करून घ्या.

सुरू केल्यावर

पहिल्यांदा चोक ओढून स्टार्टर मारा. थोडा वेळ लागेल, कारण कार्ब्युरेटरची वाटी रिकामी आहे. सुरू झाली की पाइपच्या प्रत्येक सांध्यावर कोरडे बोट फिरवा. ओले लागले तर लगेच बंद करा. इंजिन चांगले तापू द्या आणि चोक पूर्ण उघडला आहे हे डोळ्यांनी बघा.

मग मिक्स्चरचा स्क्रू. तो हलकेच पूर्ण आत बसवून दीड वेढा बाहेर घेऊन सुरुवात करा. जोराने बसवला तर टोकाला खाच पडते. कार्टर काय, सोलेक्स काय, दोन्हींत हा स्क्रू बाहेर घेतला की पेट्रोल वाढते. बुलेटवर हात बसलेला मेकॅनिक इथे चुकतो, कारण तिच्या जुन्या कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू याच्या उलट, आत घेतला की पेट्रोल वाढवतो. आवाज सर्वांत गोड आणि सलग लागेल तिथे थांबा. मग स्लोचा स्क्रू थोडा सोडून इंजिन शांत करा, आणि पुन्हा एकदा मिक्स्चर बघा.

जेटचा खरा निकाल प्लग देतो. ट्रॉलीला थोडे ओझे लावून आठ-दहा किलोमीटर, एखादा चढ घेऊन या आणि इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर जमले. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफट असेल तर कमी. पांढऱ्या प्लगवर गाडी ‘चांगली पळते’ म्हणून खूश होऊ नका. त्यात व्हॉल्व्ह जळतात.

कागदाचेही बघून घ्या. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी आरटीओत नवी करावी लागते. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचा नियम आला. त्याची फी नव्या नोंदणीला २० हजार रुपये आहे आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ऐकायला रुबाबदार आहे, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजाराला जाणाऱ्या जीपला तो मान घेऊन चालणार नाही.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर कार्ब्युरेटरचे नट पुन्हा एकदा आवळा, कारण नवे पॅकिंग दबते. फिल्टर बघा, दोन्ही स्प्रिंगा बघा, स्प्लिट पिना मोजा. बेल क्रँकला तेलाचे दोन थेंब सोडा. नंतर हेच काम दर सहा महिन्यांनी, पेरणीपूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा.